वर या, साहेब



फौजेत आयुष्य काढलं. नकाशा वाचता येतो, नदी ओळखता येते, असा माझा समज होता. तो काळी नदीने उतरवला.

मराठा लाइट इन्फंट्रीमुळे बेळगाव माझं दुसरं घर. गेल्या हिवाळ्यात तिथून नातवाला घेऊन दांडेलीला गेलो. कुळगीला वनखात्याच्या तंबूत मुक्काम केला. भोवती साग, बांबू. सकाळी डोक्यावरून धनेश गेले, तेव्हा नातू जेवण विसरला.

दुसऱ्या दिवशी गणेशगुडीला नदीत उतरलो. लख्ख ऊन, पाणी घोट्याएवढं. मधल्या खडकावर डबा उघडला. काठावरून एक नावाडी ओरडला, "साहेब, वर या. पाणी वाढेल."

मी आभाळाकडे पाहिलं. एक ढग नाही. म्हटलं, "आम्ही फौजी आहोत हो."

तो वाद घालत बसला नाही. पाण्यात आला, पोराला खांद्यावर घेतलं आणि परत फिरला. मीही कुरकुरत मागे निघालो. थोड्या वेळाने आमचा खडक दिसेना.

वर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. पायथ्याच्या वीजघरातली यंत्रं चालू झाली की खाली पाणी सुटतं. पावसाचा संबंधच नाही. धरण माझ्या नकाशावर होतं. पण मी आभाळ पाहिलं, नकाशा आठवला नाही.

जवानांना मी शिकवायचो, ज्याला जमीन ठाऊक त्याचं ऐका. निवृत्तीनंतर मीच विसरलो.

म्हणून तुम्ही कुठल्याही राज्यात असा, तीन गोष्टी लक्षात ठेवा. नदीत उतरण्याआधी वर धरण आहे का, ते विचारा. काठच्या फांद्यांत काडीकचरा अडकलेला दिसला, तर पूर तिथवर येतो. तंबू त्याच्या वर लावा. पाणी गढूळलं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, तर सामान सोडा आणि वर चढा.

तिसऱ्या दिवशी यल्लापूर तालुक्यातला साथोडी धबधबा पाहिला. साधारण १५ मीटरची धार, खाली हिरवागार डोह. मी बूट काढायला वाकलो. नातवाने हात धरला.

"आजोबा, आधी त्या काकांना विचारूया."

पहारेकरी म्हणाला, "खडक निसरडे आहेत, डोह फसवा आहे. काठावरच बसा."

आम्ही तासभर काठावर बसलो. तुषार येत होते. या वेळी डबा शेवटपर्यंत खाल्ला.

जय हिंद.