कोरं पत्र घेऊन आलेला चांगदेव



द्रोणागिरी हे नाव आपण दिवसातून किती वेळा घेतो! सिडकोच्या नकाशात ते आहे, स्टेशनच्या पाटीवर आहे, डोंगरावरच्या किल्ल्याला आहे, आणि करंजाला द्रोणागिरी देवीचं देऊळ आहे. जुनी माणसं सांगतात, हनुमंतराय पर्वत घेऊन निघाले तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला. लक्ष्मण मूर्च्छित, वेळ थोडा, आणि वल्ली काही ओळखता येईना. मग मारुतीरायांनी काय केलं? ‘नेमकं काय न्यावं ते कळलं नाही’ म्हणून रिकाम्या हातानं घरी बसले नाहीत. डोंगरच उचलला. एवढी गोष्ट गाठीला बांधून ठेवा, पुढं लागणार आहे.

१२ जानेवारी २०२४ ला आपल्या उरणपर्यंत लोकल आली. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. किती वर्षं वाट पाहिली होती! मीही हौसेनं बसलो. डब्यात पाहतो तर शंभर माणसं आणि शंभर माना खाली. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळं असायची, अजून काही आहेत. डब्यात चढताना अनोळखी असलेला माणूस दहा वर्षांनी दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता वाटताना दिसायचा. ती ओळख कुणी मुद्दाम करून दिलेली नव्हती. समोरासमोर बसल्यानं झाली.

आता कुणी म्हणेल, बुवा मोबाईलच्या नावानं खडे फोडायला लागले. नाही हो. आपल्या गावांतली किती पोरं बोटीवर आहेत. सहा-सहा महिने आईला त्यांचं तोंड दिसतं ते त्या काचेवरच. त्या माउलीला मी काय सांगू, फोन टाकून दे म्हणून? आणि ही कीर्तनंही फोनवर रेकॉर्ड झाली, म्हणून तर तुमच्या हातात हे पान आलं. (पहिल्या रांगेत बसून फोन वर धरणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे. मला तुमचा चेहरा दिसू द्या, फोनची पाठ बघून मला पुढचं सुचत नाही.)

माझं दुखणं वेगळं आहे. एका गावात दशक्रियेच्या प्रवचनाला गेलो होतो. घरचा कर्ता माणूस गेलेला. मुलगा बाविशीचा. प्रवचन झाल्यावर त्याची आई मला म्हणाली, “बुवा, याला मित्रच नाहीत का हो? दहा दिवसांत याच्या वयाचं एक पोरगं उंबरठ्यावर आलं नाही.” मुलाच्या फोनवर पाहावं तर हात जोडलेल्या चित्रांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली खाली जात राहिलं तरी संपत नाही.

पुढं त्याच्या मित्रांपैकी एक मला भेटला. मी जरा रागातच विचारलं. पोरगं खाली मान घालून म्हणालं, “महाराज, आम्ही रोज रात्री बोलतो मेसेजवर. त्याचे वडील गेले तेव्हा मी पण रडलो. पण घरी जाऊन काय बोलायचं तेच कळेना. दोनदा गाडी त्याच्या गल्लीपर्यंत नेली आणि परत फिरवली.”

माझा राग तिथंच उतरला. त्या पोराला माया नव्हती असं नाही, माउली. त्याला सवय नव्हती. मेसेज लिहिता येतो, खोडता येतो, पुन्हा लिहिता येतो. रडणाऱ्या माणसासमोर बसलं की काही खोडता येत नाही, त्याची भीती वाटते. आणि ती सवय लागणार कुठून? आम्ही लहान असताना बाप हाताला धरून सुतकाच्या घरी न्यायचा, कोपऱ्यात बसवायचा. मोठी माणसं काही फार बोलत नसत. कुणी पाणी भरायचं, कुणी शेजारून भाकरी करून आणायचं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसायचं. ते बघून बघून पोर शिकायचं. भांडणाचंही तसंच. आज भांडण झालं की ब्लॉक. पूर्वी ब्लॉक कसं करणार? विहीर एक, वाट एक, देऊळ एक. संध्याकाळी समोर यायचाच की तो.

त्यात २०२० आलं. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, हे आपण पाहिलं. तेव्हा दहावी-बारावीत असलेली पोरं आज विशीच्या पुढं गेली. ज्या वयात मैत्री करावी, रुसावं, मनवावं, त्या वयात त्यांचा वर्ग काचेत होता. त्यांना नावं ठेवण्याआधी हे आठवा.

आता चांगदेवांकडे येऊ. परंपरा सांगते, चौदाशे वर्षांचा हा योगी. ज्ञानोबांची कीर्ती ऐकली, पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडला. ‘चिरंजीव’ लिहावं तर ज्ञानानं मोठे, ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयानं लेकरं. शेवटी कागद कोराच पाठवला. मुक्ताई हसली, इतकी वर्षं जगून कोराच राहिला म्हणाली. निवृत्तिनाथांनी मात्र तो कागद फेकून दिला नाही. ज्ञानोबांना सांगितलं, उत्तर लिही. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं, तीच चांगदेव पासष्टी.

आपण कथा सांगताना वाघावर थांबतो, भिंतीवर थांबतो. मी तुम्हाला दुसरीकडे थांबवतो. पासष्ट ओव्या हातात आल्या, तेवढ्यावर चांगदेवांचं भागलं नाही. ते उठले आणि निघाले. आणि समोरून ही भावंडं भिंतीवर बसलेली, तीही आली सामोरी. वाहन नाही म्हणून भेट राहिली नाही, भिंतच चालली. आळंदीला ती भिंत आजही दाखवतात. काय बोलावं हे ज्याला पत्रात कळलं नाही, तो स्वतः आला, आणि जिनं त्याला कोरा म्हटलं त्या मुक्ताईलाच त्यानं गुरू केलं. पत्र कोरं होतं म्हणून भेट अडली का? सांगा.

मी त्या पोराला हेच सांगितलं. म्हटलं, काही बोलू नकोस. कोराच जा. त्याच्या शेजारी बस. त्याच्या आईनं चहा विचारला तर हो म्हण. तो म्हणाला, “आता तर महिना होऊन गेला, महाराज.” म्हटलं, बाप अजून परत आलेला नाही ना त्याचा?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावं. सुरुवातीला घरोघरी जाऊन सांगावं लागलं. सगळ्यांत चांगलं मला काय वाटलं? भोंगा सगळ्या घराला वाजतो. बापालाही आणि आजीच्या मालिकेलाही. नाहीतर आपण काय करतो, एका हातानं फोन धरतो आणि दुसऱ्या हातानं पोराकडे बोट दाखवतो. आपल्या द्रोणागिरीच्या टॉवरमध्ये कुणी भोंगा लावणार नाही, ते मला माहीत आहे. पण शेजारच्या दाराची बेल आहे की! सोसायटीच्या ग्रुपवर ‘गेट वेल सून’ टाकण्यापेक्षा ती जवळ आहे.

बरं, पुष्कळ झालं. टाळकरी मंडळी, उठा. आता पावली खेळायची आहे. विशी-पंचविशीतली पोरं मागं खांबाला टेकून उभी आहेत, त्यांनी पुढं यावं. समोरासमोर दोन रांगा करा. पाऊल येत नाही म्हणू नका. कुणी मोजायचं नाही, समोरच्याच्या पायाकडे आणि तोंडाकडे बघायचं, आपोआप पडतं. चुकलं तर दोघं हसा. आणि खेळून झाल्यावर समोर जो असेल त्याच्या पाया पडायचं, मग तो ओळखीचा असो नसो, लहान असो मोठा असो. त्याला माउली म्हणायचं आणि नाव विचारायचं.

विठ्ठल विठ्ठल.