सांधे का धरतात?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्हाला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही इथे कराडात प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. भाषणाची सवय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते, तेच सांगतो.

आपल्या वस्तीतली एखादी मावशी सकाळी उठते, तर बोटे वळत नाहीत. भाकरी थापता येत नाही. तासाभराने हात मोकळे होतात आणि ती मुकाट्याने कामाला जाते. घरचे म्हणतात, "वात आहे, वय झालं." अहो, वय असते पस्तीस!

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते, पेशींच्या जेमतेम एक ते तीन थरांचे. सांध्याचे वंगण तेच तयार करते. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्याच शरीराला परके समजतात. त्या अस्तरात गर्दी करतात. अस्तर जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग बांधावरची हरळी उसाच्या फडात शिरावी, तसे ते कूर्चेवर पसरते आणि हाडाची कड खाते. अस्तराची सूज औषधाने उतरते. पण झिजलेली कूर्चा आणि खाल्लेले हाड पूर्ववत होत नाही. म्हणून सुरुवातीचे महिने मोलाचे.

अशीच पांढऱ्या पेशींची गर्दी जपानच्या डॉ. हाकारू हाशिमोतो यांना थायरॉइड ग्रंथीत दिसली. त्यांनी ती १९१२ साली जगापुढे मांडली. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, ते शिवल्याने पसरत नाही. त्यावरून मुलीचे लग्न मोडणे हे आपल्याला शोभत नाही.

हे आजार शहरातल्या लोकांचे, असे समजू नका. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत आमवात सुमारे अर्धा टक्का निघाला. म्हणजे दोनशे माणसांत एक. बायकांत तो पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो.

तेव्हा आमची विनंती अशी. सांधे सुजले असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रे चांगला येऊ शकतो, रक्ताची एक तपासणी निर्दोष येऊ शकते. तेवढ्यावर गप्प बसू नका. नाव नसलेली पुडी घेऊ नका, तिच्यात स्टिरॉइड असू शकते. मेथोट्रेक्झेटची गोळी दिली असेल, तर ती आठवड्यातून ठरल्या वारीच घ्यायची. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते. रक्ताच्या तपासण्या वेळेवर करा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. मूल हवे असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगा. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका.

आणि घरातल्या पुरुषांनो, सकाळी तिचे हात चालत नसतील, तर चूल तुम्ही पेटवा. दुखणे सोसणे हा काही बाईचा धर्म नव्हे.