दोर आणि कात्री

१९४२ साली विशीतला एक तरुण विद्युत् अभियांत्रिकी शिकण्यासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आला. त्याचे नाव जी. एन. रामचंद्रन्. विजेच्या यंत्रांत त्याचे मन रमेना. आणि त्याची बुद्धी ओळखून सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी त्याला पदार्थविज्ञानाकडे ओढून घेतले. पुढे हेच रामचंद्रन् मद्रासला प्राध्यापक झाले आणि १९५४-५५ मध्ये गोपीनाथ कार्था या सहकाऱ्यासह त्यांनी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची रचना जगापुढे मांडली. १९७० च्या सुमारास ते बंगळूरला परतले, तेथे आण्विक जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभा केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. फुप्फुसाच्या व हृदयाच्या काही दुर्धर विकारांचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल, तर आरंभ या कोलॅजेनपासूनच करावा लागतो.

कोलॅजेन या शब्दाचा अर्थच मुळी सरेस करणारे असा आहे. सुताराच्या सरेसाला चिकटपणा देणारे आणि पायाचा रस्सा गार झाला म्हणजे त्याला थिजवणारे ते हेच द्रव्य. देहातील एकंदर प्रथिनांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा त्याचाच असतो. कातडी, हाडे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हृदयाच्या झडपा या सर्वांना बळकटी येते ती त्याच्यामुळे. हे प्रथिन तीन पेडांच्या दोरासारखे वळलेले असते, असे रामचंद्रन् यांनी दाखविले. एकेका पेडात सुमारे एक हजार ॲमिनो आम्लांची माळ असते आणि तिच्यातील दर तिसरा मणी ग्लायसिन नावाचा, सर्वांत लहान. तीन पेड जेथे एकमेकांना भिडतात त्या अरुंद जागी दुसरा कोणताही मणी मावतच नाही! या आराखड्यावर पुढे वाद झाले, काही दुरुस्त्याही झाल्या. परंतु तीन पेडांचा पीळ कायम राहिला.

नेहमीच्या पाचक एंझाइमांना हा पीळ सहसा दाद देत नाही. मग बेडकाच्या पिलाची शेपटी मोठेपणी जाते कोठे? ती गळून पडत नाही, विरघळून जाते. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या दोघा संशोधकांनी हा साधा प्रश्न धरून ठेवला. त्या शेपटीचे तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तेव्हा तुकड्यांखालचे कोलॅजेन विरले. हा शोध १९६२ चा. ज्या एंझाइमाने ही किमया केली, ते या दोराला एकाच ठरावीक ठिकाणी छेद देते. त्याचे दोन तुकडे होतात, एक पाऊण लांबीचा आणि दुसरा पाव लांबीचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मात्र एकदा घाव बसला की नुसत्या शरीराच्या उबेनेच पीळ सुटतो आणि उरलेले काम इतर एंझाइमे उरकतात. या जातीच्या वीसहून अधिक कात्र्या आज माणसाच्या देहात ठाऊक झाल्या आहेत. प्रत्येकीच्या पात्याशी जस्ताचा एक अणू असतो.

या कात्र्या म्हणजे देहातील काही दुष्ट वस्ती नव्हे. त्या नसत्या तर जखम भरून आली नसती, मोडलेले हाड सांधले गेले नसते. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात शंभर ग्रॅमच्या आत येते, तेही बरेचसे यांच्या कर्तृत्वामुळे. म्हणून देहाने कात्रीबरोबर म्यानही दिले आहे. या एंझाइमांना जखडून ठेवणारी प्रथिने रक्तात आणि ऊतकांत सतत वावरत असतात. कात्री आणि म्यान यांचे प्रमाण बिघडले, की रोगाचा आरंभ होतो.

हे प्रथम ध्यानात आले ते फुप्फुसाच्या बाबतीत. १९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे लॉरेल आणि एरिक्सन यांना रक्तद्रवाच्या तपासणीत पाच नमुने असे आढळले, की त्यांत एका प्रथिनाचा पट्टा जवळजवळ नव्हताच. त्या पाच जणांपैकी तिघांच्या फुप्फुसांतील वायुकोश फाटून एकमेकांत मिसळले होते. हरवलेले प्रथिन होते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. यकृतात तयार होणारे एक म्यान. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल ग्रॉस (हे ग्रॉस निराळे) यांनी उंदरांच्या फुप्फुसांत पपेन सोडले, आणि तोच विकार निर्माण झाला. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील एंझाइम. मांस लवकर शिजावे म्हणून ज्याचा उपयोग स्वयंपाकघरात पूर्वापार होत आला आहे, तेच. मांस मऊ करणारा चीक जिवंत फुप्फुसही मऊ करून टाकतो, हे त्या प्रयोगाने दाखविले.

माणसाच्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. श्वास सोडताना ते आपोआप आक्रसतात, कारण त्यांच्या भिंतींत कोलॅजेनच्या जोडीला रबरासारखे ताणले जाणारे इलॅस्टिन असते. विडीचा वा सिगारेटचा धूर आत गेला की त्याच्या मागोमाग श्वेत पेशी धावून येतात आणि आपल्या कात्र्या मोकळ्या करतात. शिवाय तो धूर अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या एका नाजूक भागावर आघात करून त्याला निकामी करतो. एका हाताने कात्री उघडावयाची आणि दुसऱ्या हाताने म्यान फेकून द्यावयाचे, असा हा दुहेरी प्रकार आहे. १९९७ मध्ये असे उंदीर पाहण्यात आले, की ज्यांच्या भक्षक पेशींत इलॅस्टिन कापणारे एक विशिष्ट एंझाइम जन्मतःच नव्हते. महिनोन्‌महिने सिगारेटच्या धुरात ठेवूनही त्यांचे वायुकोश शाबूत राहिले. या म्यानाची जन्मजात उणीव भारतात विरळा. येथे दोष आहे तो धुराचा. आणि त्यात लाकूड व गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीचा धूरही आला. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या खेड्यातील स्त्रिया पायऱ्या चढताना धापा टाकतात, तेव्हा त्या चुलीची आठवण वैद्याने अवश्य ठेवावी.

क्षयाची गोष्टही याच कुळातली आहे. बंगळूरला १९५९ पासून राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. क्षयाने फुप्फुसाला पडणारे विवर जंतू स्वतः कोरतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण ते पोखरण्याचे काम मुख्यतः रोग्याच्याच पेशी करतात. जंतूंच्या चिथावणीने त्या कोलॅजेन कापणारी एंझाइमे ओततात. त्याच विवरातून मग जंतू खोकल्यावाटे दुसऱ्यांपर्यंत पोहोचतात.

आणि हृदय? वायुकोशांबरोबर त्यांच्याभोवतालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही नष्ट होतात, तेव्हा उरलेल्या वाटांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकत जाते. पण त्याहून आकस्मिक घाला पडतो तो हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत. तिच्या भिंतीत साचलेल्या मेदावर कोलॅजेनचे एक झाकण असते. मेदात शिरलेल्या भक्षक पेशी हे झाकण आतून कुरतडतात, हे १९९० च्या दशकात दिसून आले. मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाहूनही ते पातळ झाले, की एखाद्या दिवशी फाटते. मेद रक्ताला भिडतो, गुठळी बनते आणि वाट बंद होते. म्हणूनच आदल्या दिवशीपर्यंत चालता-बोलता असलेला माणूस एकाएकी कोसळतो. बंगळूरच्या श्री जयदेव हृद्रोग संस्थेने चाळिशीच्या आत हृद्रोग जडलेल्यांची वेगळी नोंद ठेवली, तेव्हा तंबाखूचे व्यसन तीत ठळकपणे पुढे आले.

झटक्यानंतरही कात्र्या थांबत नाहीत. मेलेला स्नायू काढून टाकणे हे त्यांचे कामच. पण ते अति झाले, तर व्रण घट्ट होण्यापूर्वीच भिंत ताणते आणि हृदय फुगत जाते.

तर मग औषधाने सगळ्याच कात्र्या बंद का करू नयेत? तसे करून पाहिले गेले. कर्करोगावर दिलेल्या अशा औषधांनी रोग्यांचे सांधे आखडले. झटक्यानंतर हृदय फुगू नये म्हणून दिलेल्या एका औषधाचा उपयोग झाला नाही, असे २००६ मध्ये जाहीर झाले. महारोहिणीचा फुगवटा डॉक्सिसायक्लिनने रोखता येईल, ही आशाही २०२० मध्ये फोल ठरली. जी कात्री येथे घात करते तीच शेजारी डागडुजी करीत असते, आणि औषधाला अजून तो भेद नीटसा कळत नाही. त्या मानाने वळसा घेऊन जाणारे उपाय अधिक सफल झाले. रक्तातील मेद कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी रोहिणीतील भक्षक पेशी शांत होतात आणि ते कोलॅजेनचे झाकण पुन्हा जाड होऊ लागते.

फुप्फुसाला मात्र असे औषध लाभलेले नाही. कापले गेलेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत. लंडनमधील कामकरी पुरुषांच्या श्वासाची मोजणी आठ वर्षे करून फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांना गेलेले बळ परत मिळाले नाही; पण त्या दिवसापासून त्यांच्या श्वासाची घसरण, कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाइतकीच संथ झाली.