एका वाद्याला अख्खा बँड

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात दिवसपाळी संपवून घरी निघालेल्या श्रोत्यांसाठी आज जॅझमधली एक अवघड जोडी: ऑर्गन आणि बँड.

हॅमंड ऑर्गन म्हणजे एकट्याने वाजवायचा बँडच. दोन हात पट्ट्यांच्या दोन ओळींवर, पाय खर्जावर. पेटीसारखा सूर दाबून धरला की विरत नाही, अडून राहतो. त्याच्यासमोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा उभा केला, की दोघे एकमेकांची जागा खातात.

१९६२ साली ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या ‘बॅशिन’ या तबकडीत संयोजक ऑलिव्हर नेल्सन यांनी यावर उपाय काढला. ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मध्ये आधी बँडच बोलतो, ऑर्गन बराच वेळ गप्प. मग तो शिरतो आणि बँड मागे सरकून फक्त मोजके फटके देतो. माझ्या मते त्या थांबण्यातच सगळी कमाई आहे.

जॅझ बँडचा हा रंग आपल्याला परका नाही. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत ताज हॉटेलमध्ये बँड चालवत, पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांना त्यांनी संगीतात साथ दिली. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात तो रंग ऐकू येतो.

आज रात्री ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ आणि ‘अलबेला’ची गाणी एकापाठोपाठ ऐका, आणि पहिल्यात ऑर्गन कधी शिरतो तिकडे कान ठेवा.