हिरड्या आणि सांधे
(गणेशोत्सवातील व्याख्यान)

एकदंताच्या मांडवात आज दातांविषयी बोलतो.

ब्रश करताना रक्त येतं. आपण चूळ भरून विसरतो. ते हिरड्यांच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू आपल्या प्रथिनांचं रूप बदलतो. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, आणि बहुतेक रुग्णांच्या रक्तात अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. हिरड्यांमुळेच आमवात होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण धूम्रपान दोन्हींचा धोका वाढवतं.

मोदक वळताना आईची बोटं आखडत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर जात नसेल, तर ‘वय झालं’ म्हणू नका. सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या, हिरड्याही तपासून घ्या. चालू औषधं मात्र परस्पर बंद करू नका.

गणपती बाप्पा मोरया!