रक्तदाब, वनस्पती आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वैद्य नव्हे. तथापि ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ या समजुतीने रक्तदाबाची गोळी सोडून चूर्णे व कॅप्सूल घेण्याची प्रवृत्ती आपल्या समाजात दिसते. तिच्याविषयी चार शब्द निवेदन करतो.

वनस्पतींमध्ये गुण आहेत, यात शंका नाही. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे मोठ्या मात्रेत काही रुग्णांना त्यापासून औदासीन्य आल्याचेही दिसले. ज्यात गुण आहे, त्यात अपायाची शक्तीही असते. म्हणूनच मात्रा आणि देखरेख हवी.

खोकल्यावर गुणकारी असलेले ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब उलट वाढवते. लसणाच्या अर्काने रक्तदाब थोडा उतरतो, असे काही चाचण्यांत आढळले आहे. परंतु रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत तो घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय जो लसूण आपण स्वयंपाकघरात येऊ देत नाही, तोच कॅप्सूलमधून पोटात जातो. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ओमेगा-३ बहुधा माशांच्या तेलातून येते. वेष्टनावरील घटक वाचल्याविना घेणे हे आरोग्याच्या आणि अहिंसेच्या, दोन्ही दृष्टींनी अनुचित होय.

खरा उपाय आपल्या ताटातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही यातच मोजावे. सैंधवही मुख्यतः सोडियमच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

अखेरची विनंती. पर्युषणात उपवास करणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी गोळ्यांच्या वेळेविषयी डॉक्टरांशी बोलावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो. तपासह विवेक असावा, हीच जिनवाणीची शिकवण आहे. देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याचे जतन करणे हाही धर्मच.

जय जिनेंद्र!