पापणीची शस्त्रक्रिया करून घेताना

गांधीबागेच्या कापडबाजारात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. कापड कमी कापले तर पुन्हा कापता येते, जास्त कापले तर हळहळण्यापलीकडे हाती काही राहत नाही. पापणीची सैल कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेलाही हाच नियम लागू आहे.

वय वाढले की वरची पापणी लोंबते, डोळ्यांखाली पिशव्या दिसतात. चेहरा थकलेला वाटतो म्हणून अनेक जण ही शस्त्रक्रिया करून घेतात. पण पापणी ही केवळ शोभेची नाही, ती डोळ्याचे झाकण आहे. दर उघडझापीला ती बुबुळावर अश्रूंचा थर पसरवते. कातडी प्रमाणाबाहेर काढली तर झोपेतही डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडून जखम होऊ शकते. म्हणून भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी राखावी, असा शल्यचिकित्सकांचा संकेत आहे. 'अजून थोडी काढा' असा आग्रह रुग्णानेही धरू नये.

शस्त्रक्रिया प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच करून घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, काचबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा, यांतले काहीही त्यांच्यापासून लपवू नये. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे. मात्र हृदयविकाराच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. खर्रा आणि सिगारेट सोडावी, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

घरी आल्यावर उशी उंच घ्यावी, सांगितल्याप्रमाणे थंड शेक द्यावा. वाकणे, ओझे उचलणे टाळावे. सूज आणि काळेनिळेपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. परंतु एकाच डोळ्यात तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, नजर अंधुक होणे ही डोळ्यामागे रक्त साचल्याची लक्षणे असू शकतात. असे क्वचितच घडते. पण दाब वाढून तास-दोन तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवावा. तो लागला नाही तर मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.